दगडी हत्तीपाशी

रात्रीची जेवणं आटोपली आहेत. उद्या सगळ्या घरानं मुंबई बघायला निघायचं आहे.

टेबलावर एक कागद आहे. त्यावर यादी आहे. गेटवे, घारापुरी, म्हातारीचा बूट, सिद्धिविनायक, गिरगाव चौपाटी, जमलं तर जुहू.

पेन खाली ठेवा.

खांदे सैल सोडा. श्वास आत येऊ द्या. सावकाश बाहेर जाऊ द्या. डोक्यावर पंखा फिरतो आहे, तो ऐका.

आता उद्या कोण कोण येणार आहे, त्यांना एकेक करून डोळ्यांसमोर आणा.

आजी. तिचे गुडघे. घारापुरीला लाँचमधून उतरल्यावर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या आणि हे गुडघे, दोन्ही क्षणभर मनात धरा.

धाकटी. प्रत्येक मुंगीपाशी बसकण मारणारी. तिला घाई ठाऊक नाही.

थोरला. त्याला प्रत्येक गोष्टीचं ‘का’ हवं असतं.

आणि तुम्ही. एका खांद्याला पिशवी, हातात तिकिटं, नजर घड्याळावर. तुम्हीही उद्या येणार आहात, हे विसरू नका.

आता ऊन आठवा.

ही उष्ण कटिबंधातली मुंबई आहे. इथे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो. तेव्हा उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायांखाली जाते. एरवीही हवा दमट असते. मानेवरचा घाम सुकत नाही. तो घाम आत्ताच जाणवतो का, बघा.

सावली हवी. एवढं एकच मनात येऊ द्या.

पेन उचला. एकेक नाव खोडा. हळू. एक रेघ, एक श्वास.

मग रिकाम्या जागेत एकच नाव लिहा. राणीची बाग, भायखळा.

(पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, टॅक्सीवाल्याला मात्र राणीची बागच सांगा.)

डोळे मिटा. सकाळ आहे. ऊन अजून कोवळं आहे. तुम्ही फाटकातून आत येता आणि रस्त्यावरच्या बसचा आवाज मागे राहतो.

ही बाग 1861 सालची. इथली झाडं म्हातारी आहेत. वर बघा. पानं एकमेकांत गेली आहेत. उन्हाचे कवडसे आजीच्या पदरावर पडले आहेत.

इथे कैलासपतीचं झाड आहे. त्याची फुलं शेंड्याला येत नाहीत, खोडातूनच फुटतात. एक फूल खाली पडलं असेल. धाकटीला ते सापडेलच. तिच्या तळहातावरच ते बघा. जाड, गुलाबी पाकळ्या. मधे एक इवलीशी पिंड आणि तिच्यावर वाकलेला नागाचा फणा.

वास घ्या. पुन्हा घ्या.

पेंग्विनही आहेत, 2016 पासून. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे ते पक्षी इथे काचेपलीकडच्या गारव्यात राहतात. मुलं तिकडे ओढणारच. जाऊ द्या. रांग असेल. रांगेतही श्वास घेता येतो.

मग या हत्तीकडे.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 साली उघडलेलं. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबा.

आजीला बसायला जागा शोधा. तुम्हीही बसा.

बघा. काळसर दगड. रुंद पाठ. पावसानं झिजलेल्या कडा. हात लावू नका, नुसतं बघा.

हा हत्ती घारापुरीचा. बेटावर हा दिसला, म्हणून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आले. 1914 साली ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं.

थोरल्याला एवढं सांगा आणि गप्प राहा. तो सांधे शोधू लागेल. शोधू द्या. त्याच्याबरोबर तुम्हीही शोधा. पोटाखाली. कानामागे. पायांशी.

ज्या बेटावर आज तुम्ही गेला नाहीत, त्या बेटाचा दगड तुमच्यासमोर आहे.

श्वास घ्या.

कावळा ओरडतो. दूर लोकलचा भोंगा वाजतो. आजी काही बोलत नाही. कदाचित ती तिच्या लहानपणीची एखादी सहल आठवते आहे. विचारू नका. सांगायचं असेल तर सांगेल.

मोबाइल पिशवीतच राहू द्या. हत्ती कुठे जात नाही.

आणखी थोडं बसा.

ऊन चढू लागेल. सावली आखूड होईल. धाकटी कंटाळेल, पाणी मागेल, मांडीवर डोकं टाकेल. तेव्हा उठा. साडेबारापर्यंत घराकडे निघालात तरी चालेल. मला विचाराल तर तेच उत्तम. दुपारची मुंबई बघण्यात मजा नाही, ती पडदे ओढून झोपण्याची वेळ आहे.

आता डोळे उघडा. कागद समोर आहे. त्यावर एकच नाव आहे.

त्याखाली पाण्याच्या बाटल्या लिहा, आजीची छत्री लिहा. आणि झोपण्याआधी दिनदर्शिकेवर उद्याचा वार तेवढा बघून घ्या. बाग आणि संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात.