आधी ताट वाढ

ऑगस्टमधली गोष्ट. रात्री अकराला शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे ती दोन वर्षांपासून राजस्थानात आहे, जयपूरहून सीकरकडे जाताना लागणाऱ्या चौमूंमध्ये. तिच्या बारावीतल्या मुलाने त्या संध्याकाळी तिला सांगितलं होतं की त्याला मुलींबद्दल काही वाटत नाही, मुलं आवडतात, आणि हे त्याला सातवीपासून माहीत आहे. ती म्हणाली, "अगं, मी ओरडले नाही, रडलेही नाही. पण तो जेवायला येऊन बसला आणि माझ्याने त्याचं ताट वाढवेना. शेवटी त्यानेच उठून भात घेतला." मग बराच वेळ गप्प. "इथे कुणाला सांगू? मला हिंदीत याचे शब्दच येत नाहीत."

मराठीत तरी आपल्याला कुठे येतात? शिव्या भरपूर आहेत. घरात, जेवताना, आईने मुलाशी बोलताना वापरावा असा शब्द शोधायला गेलं की हाताला लागतो तो 'लैंगिक कल'. मला तो आवडतो. दहावीच्या मुलांची बोर्डाने 'कल चाचणी' घेतली तेव्हा कुठल्याच आईला त्या शब्दाची भीती वाटली नाही. कल म्हणजे मन जिकडे झुकतं ती बाजू, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हे प्रश्न मराठीत कुणी विचारलेच नाहीत, असंही नाही. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं, तेव्हापासून वाचक त्यांना पत्रं पाठवत. हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल, ज्याविषयी घरात तोंड उघडता येत नसे अशा सगळ्याबद्दल. कर्वे उत्तरं छापत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो लढवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक विचारतात आणि मासिक याच विषयाला वाहिलेलं आहे, तर संपादकाने उत्तर का देऊ नये, असा त्यांचा साधा सवाल होता. हॅवलॉक एलिसच्या लैंगिकतेवरच्या संशोधनाचे दाखलेही त्यांनी दिले. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्यानंतरही १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्वे मासिक काढत राहिले. पण पत्र लिहून विचारणाऱ्याला शरम वाटावी आणि उत्तर देणाऱ्याला दंड व्हावा, ही रीत आपण सोडली नाही. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, ती याच रीतीची पुढची पायरी.

मैत्रिणीचा पहिला प्रश्न होता, इतक्या लहान वयात याला काय कळतं? मार्था मॅकक्लिंटॉक आणि गिल्बर्ट हर्ट या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की पहिलं लैंगिक आकर्षण साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास जाणवतं, समलिंगी मुलांना आणि इतर मुलांनाही. पाचवी-सहावीतल्या मुलाला वर्गातली मुलगी आवडली तर आपण हसून सोडून देतो. तिथे 'तुला काय कळतं' असं कुणी विचारत नाही.

दुसरा प्रश्न तिने दबक्या आवाजात विचारला. जयपूरला कुणी चांगला डॉक्टर असेल का? म्हणजे, हा आजार आहे का? याचा निकाल लागूनही जमाना झाला. अमेरिकेत एव्हलिन हूकर यांनी तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुषांच्या शाईच्या डागांच्या आणि इतर मानसिक चाचण्या घेतल्या आणि नावं झाकून त्या नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवल्या. यातला समलिंगी कोण, ते ओळखा. त्यांना ओळखता आलं नाही. निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल 'बदलण्याचे' उपचार हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा ठरवला. जो डॉक्टर बदलून देतो म्हणतो त्याच्याकडे मुलाला नेऊ नये, आणि नेलंच असेल तर तक्रार करावी.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती अर्धवट कळली की घात होतो. व्हिव्हियन कॅस यांनी १९७९ मध्ये समलिंगी म्हणून स्वतःला ओळखण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, गोंधळापासून एकात्मतेपर्यंत. मांडणी गाजली, पण सगळी मुलं त्या जिन्याने चढत नाहीत. लिसा डायमंड यांनी शंभराच्या आसपास तरुणींशी दहा वर्षं पुन्हा पुन्हा बोलून पाहिलं. अनेकींनी स्वतःला लावलेलं नाव मधल्या काळात बदललं होतं. "बघ, म्हणजे बदलतं!" असं मैत्रीण लगेच म्हणाली. बदललं ते त्यांचं त्यांना उमगत गेल्याने. आईच्या रडण्याने, उपासतापासाने किंवा लग्न लावून दिल्याने बदलतं, असं त्यात कुठेही नाही. आणि लग्न लावून दिलं तर दुसऱ्याच्या मुलीच्या आयुष्याचं काय? हा प्रश्न आपल्याकडे फार कमी विचारला जातो. मला तो सगळ्यात जास्त छळतो.

आता ताटाकडे येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी अशा कलाच्या, २१ ते २५ वयाच्या २२४ तरुणांना विचारलं की किशोरवयात घरचे तुमच्याशी कसे वागले. त्यांनी वागण्यातल्या बारीकसारीक गोष्टी मोजल्या. घरातून तीव्र नकार मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, नकार जवळपास नसलेल्यांच्या ८.४ पट निघालं. अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेतल्या गोऱ्या आणि लॅटिनो मुलांचा आहे, आपल्या मुलांचा नाही, हे खरं. पण ज्या घरात माया बोलून दाखवत नाहीत, वाढून दाखवतात, तिथे न वाढलेलं ताट मुलाला काय सांगतं, ते कळायला मला आकड्याची गरज नाही.

मी तिला एवढंच म्हटलं, आज वाढलं नाहीस, उद्या वाढ. बाकीचं नंतर बघू. सकाळी तिने पोहे केले आणि बशी त्याच्या खोलीत नेऊन दिली. त्या दिवशी दोघं काही बोलली नाहीत. बोलणं आठवड्याने झालं. तेव्हा तिने त्याला विचारलं, पाच वर्षं का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "टीव्हीवर तसा कुणी दिसला की तुम्ही दोघं हसायचात."

हे वाचणाऱ्या काही घरांतही असं एखादं मूल ताटासमोर बसलेलं असेल. ते ऐकत असतं. त्याच्यासमोर कुणाच्या चालीवर, बोलण्यावर हसू नका.