उशीवरील गजलक्ष्मी

पेडण्याच्या श्रीभगवती मंदिराच्या दारी दोन पाषाणी हत्ती उभे आहेत. त्यांना टेकून कोणी विसावा घेतला तर त्यात कोणास दोष दिसत नाही. मग उशीवरच्या हत्तींनी आमच्या घरी वाद का माजवावा?

वाद हत्तींचा नव्हता. आमच्या भगिनीने गजलक्ष्मीचे शिल्प, जिला डिचोलीकडे केळबाई म्हणतात, पाहून एक अभ्रा भरला. सोंडेत कलश उंचावलेले हत्ती आणि मध्ये देवी, सारे साखळी टाक्याने. दोन पावसाळे त्यात गेले. पाहुण्यांच्या पाठीशी ती उशी ठेवली, तो वडिलांनी ती उचलून फळीवर नेली. भगिनीच्या डोळ्यांत पाणी आले.

प्राणप्रतिष्ठेवाचून मूर्तीस देवत्व नाही, हे आम्ही वडिलांकडूनच शिकलो. मग रेशमात देवता आली कोठून? तसे आम्ही विचारले. ते म्हणाले, "धाग्यांत नसेल, भरणारीच्या मनात तर होती ना?"

हे उत्तर आम्हांस पुरते पटले नाही. टेकण्यास न मिळणारी उशी कसली? परंतु शिल्पकारानेही हत्ती दारात ठेवले, देवी गाभाऱ्यात, हे मात्र तेव्हा प्रथमच ध्यानी आले.

सध्या भगिनी दुसरा अभ्रा भरीत आहे. त्यावर केवळ दारचे हत्ती आहेत. एकाची सोंड अद्याप अपुरी आहे.