नसलेली भिंत

नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिराशी आलो तेव्हा गाइडबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मंदिराचा दरवाजा कुठे दिसतोय का, बघा." समोर पाच मजली पॅगोडा, पाइनची झाडं, हरणं, शाळेच्या सहलीची मुलं. दरवाजा नव्हता, भिंतही नव्हती. रस्त्याने चालता चालता मंदिराच्या आवारात आम्ही कधी शिरलो, ते ना मला कळलं होतं ना पत्नीला.

मग त्यांनी सांगितलं. १८६८ साली मेइजी सरकारने शिंतो देवस्थानं आणि बौद्ध मंदिरं एकमेकांपासून तोडण्याचा हुकूम काढला. शेजारच्या कासुगा देवस्थानाशी शतकानुशतकं एकजीव झालेलं कोफुकुजी त्यामुळे उघड्यावर पडलं. भिक्षू कासुगाचे पुजारी झाले, जमिनी गेल्या, आवाराची भिंत पाडली गेली. १८८० साली तिथे सार्वजनिक उद्यान झालं. आज नारा पार्कच्या ज्या ऐसपैस मोकळेपणाचं सगळे कौतुक करतात, तो एका मोडलेल्या मठाचा मोकळेपणा आहे.

नाराला गाइड का घ्यावा, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या नसलेल्या भिंतीत आहे. जे उभं आहे त्याची माहिती फलकावर असते, मोबाइलमध्येही असते. जे गेलं त्याच्यापुढे फलक कोण लावणार? ७१० ते ७८४ या काळात नारा जपानची राजधानी होती. पुढे दरबार गेला, आगी लागल्या, लढाया झाल्या. इतक्या जुन्या लाकडी शहरात जे उरलं त्याहून गेलेलं कितीतरी जास्त आहे, आणि ते दाखवायला तिथे राहणारं माणूसच लागतं.

तोदाइजी मंदिरातला महाबुद्ध घ्या. सुमारे १५ मीटर उंचीची कांस्यमूर्ती. आत पाऊल टाकताच सगळ्यांच्या माना वर जातात, आमच्याही गेल्या. बाईंनी मात्र आमची नजर खाली, मूर्तीच्या कमळासनाकडे वळवली. आपण ज्याचा फोटो काढतो तो चेहरा सतराव्या शतकाच्या अखेरीचा. ११८० आणि १५६७ च्या युद्धांत मंदिर जळालं, मूर्ती वितळली, पुन्हा ओतली गेली. आजचं सभागृह १७०९ चं, आणि मूळच्या सुमारे ८६ मीटर रुंदीऐवजी ते ५७ मीटरच रुंद आहे. आठव्या शतकातलं काही बघायचं तर कमळाच्या पाकळ्यांवर बारीक रेषांनी कोरलेले बुद्ध बघायचे. त्या पाकळ्यांपाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. गर्दी आमच्या मागून वर बघत पुढे सरकत होती.

तिथून गांगोजी. आज नारामाची म्हणून ओळखला जाणारा अरुंद गल्ल्यांचा, लाकडी जाळ्यांच्या घरांचा भाग एके काळी या मंदिराचंच आवार होता. मंदिर आकसत गेलं तशी वस्ती वाढली. घरांच्या वळचणीला कापडाची लाल माकडं टांगलेली असतात, घरात जितकी माणसं तितकी माकडं. घरच्यांवरचं संकट ती स्वतःवर घेतात, असा समज. पत्नी एका दारापुढची माकडं मोजू लागली. बाई हलकेच म्हणाल्या की आपण आता एका कुटुंबाची माणसं मोजतो आहोत. आम्ही मोजणं थांबवलं. गांगोजीच्या छपरावर एका बाजूला तांबूस, करडी, काळसर अशी मिश्र रंगांची कौलं आहेत. मंदिर ७१८ साली आसुकाहून इथे हललं तेव्हा सोबत आणलेल्या कौलांपैकी काही अजून पाऊस झेलताहेत. ती सहाव्या शतकाच्या शेवटी कोरियातल्या बेक्जे राज्याहून आलेल्या कारागिरांच्या हातची विद्या. छपराकडे कोण बघतं? मी तरी बघितलं नसतं.

माझ्या मनात एक शंका होती, आणि ती खोटी नाही. गाइडबरोबर हिंडलं की आपण त्याचं शहर बघतो, आपलं नाही. वाट चुकण्यातली, स्वतःहून काही सापडण्यातली गंमत जाते. हे खरं आहे. पण एकटा गेलो असतो तर माझी नजर माझी राहिली असती का? नारा म्हणजे हरणं आणि महाबुद्ध, हे मी घरूनच ठरवून आलो होतो. तीही कुणीतरी दिलेलीच नजर होती, फक्त देणाऱ्याला मी ओळखत नव्हतो. इथे देणारं माणूस शेजारी चालत होतं. त्यांना अडवता येत होतं, पुन्हा विचारता येत होतं.

जपानमध्ये १९४९ च्या कायद्याने पैसे घेऊन परभाषेत शहर दाखवायला राष्ट्रीय परीक्षा आणि परवाना लागायचा. २०१८ पासून ती सक्ती उठली; पदवी तेवढी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी राखीव आहे. भाषा, भूगोल, इतिहास यांची परीक्षा घेता येते. गप्प कधी राहायचं, याची कशी घेणार? कोफुकुजीच्या संग्रहालयात अशुराची मूर्ती आहे, ७३४ सालची, लाखेची, तीन मुखं आणि सहा हात असलेली. अशुरा म्हणजे आपला असुर. पण लहानपणापासून चित्रांत पाहिलेल्या सुळेवाल्या असुराशी त्याचं काही नातं दिसत नाही. तो एका किशोराचा चेहरा आहे, भुवया किंचित आक्रसलेल्या, काहीतरी उमगून दुखावल्यासारखा. दिवसभर बोलणाऱ्या बाई तिथे एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावरही थोडं अंतर तशाच चालल्या.

मग आपणहून त्यांनी विषय काढला तो बोधिसेनाचा. हा भारतीय भिक्षू चीनमार्गे ७३६ साली जपानला पोचला. ७५२ साली महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा, म्हणजे बुबुळं रेखण्याचा विधी झाला, तेव्हा कुंचला त्याच्या हातात होता. त्या कुंचल्याला लांबच लांब दोर बांधला होता आणि जमलेल्यांनी तो धरला होता, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना लाभावं. दोन भारतीयांना ही गोष्ट सांगायची, हे बाईंनी आम्हाला भेटल्यावर ठरवलं असणार. मुद्रित माहितीपत्रक समोर कोण उभं आहे हे बघत नाही.

भारताशी जोडणारा असाच एक धागा जवळच्या होर्युजी मंदिरात होता: अजिंठ्याची आठवण करून देणारी भित्तिचित्रं. त्यांच्या प्रतिकृती काढण्याचं काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ च्या आगीत ती होरपळली. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा नवा कायदा केला. आपल्याकडे मेजर गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षं बसून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. अजिंठ्याला मी तीनदा गेलो आहे, आणि तीनही वेळा गाइडला 'नको' म्हणून पुढे झालो आहे. त्याचं आता वाईट वाटतं.

बहुतेक प्रवासी क्योतोहून पाऊण तासाच्या रेल्वेने नाराला येतात, हरणांना बिस्किटं घालतात, महाबुद्ध बघतात आणि संध्याकाळी परततात. तुम्ही जाल तेव्हा एक रात्र राहा. पहिला दिवस तिथल्या कुणा जाणत्या माणसाबरोबर चाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी यायच्या आत, त्याच वाटेने एकटे जा. बोधिसेनाचा तो कुंचला आणि जवळजवळ दोनशे मीटरचा निळा दोर आजही तोदाइजीमागच्या शोसोइन भांडारात जपून ठेवलेला आहे.