काठावरचे लोक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन काठांवरच्या गावांची एकमेकांवर दगडफेक, होते आणि दिवस मावळायच्या आत तिचे रील मोबाइलवर फिरू लागतात. नदीच्या मधोमध रोवलेला पळसाचा झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, डोक्याला फडकं दाबून पळणारा कुणीतरी. चित्र दरवर्षीचंच. अलीकडे त्याच्याखाली भुताच्या सिनेमातलं घुमणारं संगीत लावलेलं असतं आणि वर ‘हैवान’, ‘जनावरं’ अशी लाल अक्षरं.

गोटमार थांबायला हवी, यात दुमत असायचं कारण नाही. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आजवर कितीतरी जिवानिशी गेले. प्रशासनाने गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही चाललं नाही. पण ‘जनावर’ हा शब्द इथे कुठून आला? बैलाने कुणाला गोटा मारल्याचं ऐकिवात नाही.

तेही नेमकं या दिवसांत म्हणावं, याचं जास्त वाईट वाटतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी या भागात बैलांची खांदशेकणी होते. पळसाचं पान हळद-तुपात बुडवून ते बैलाच्या खांद्यावरून, जू घासून घट्टे पडलेल्या जागेवरून हलक्या हाताने फिरवायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पोळ्याला दारात पळसाचेच मेढे. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू-कागदाची ती भेसूर बाई गावाची इडापिडा घेऊन जाते आणि तिच्यामागचे बडग्यांचे पुतळे त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, पुढारी यांचे वाभाडे काढतात. पांढुर्णा आणि सौसर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून वेगळा जिल्हा झाले. सणवार मात्र नागपूरकडचेच राहिले. पूजेचं जनावर, भीतीची बाहुली, अन्यायाविरुद्धची ओरड आणि गोटा, हे सगळं दोन-तीन दिवसांत एकाच मुलखात घडतं. त्यातून रीलवाल्यांनी उचललं ते एवढंच, की माणूस बिघडला म्हणजे जनावर होतो.

या कल्पनेचा मराठीतला प्रवास तसा ओळखीचा आहे. पैठणचा रेडा आणि एकनाथांनी पाणी पाजलेलं गाढव सगळ्यांना ठाऊक आहेत. १९७२ मध्ये दलित पँथरने जनावराचं नाव अभिमानाने स्वतःला लावून घेतलं, तेही ठाऊक आहे. त्याआधीचं महाड मात्र अर्धंच वाचलं जातं. चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत होती आणि अस्पृश्यांना मनाई होती; २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली. यावर ‘माणसाला जनावरापेक्षा खाली ढकललं’ असं म्हणून आपण थांबतो. ते खरंच आहे. पण अशाने सगळी नजर खाली ढकललेल्या माणसावर आणि पाणी पिणाऱ्या गुरावर राहते. त्या दोघांपैकी कुणीही कुणाला अडवलं नव्हतं. अडवणारे तळ्याच्या काठावर होते.

पडद्यावरच्या भयाचंही असंच झालं. आधी श्वापदं आणि हडळी होत्या. मग ‘लपाछपी’ने उसाच्या फडातल्या भुतामागे मारलेल्या मुली दाखवल्या, ‘तुंबाड’ने हाव दाखवली, आणि ‘खरा राक्षस माणूसच’ हे वाक्य परीक्षणांमध्ये कायमचं येऊन बसलं. ‘तुंबाड’ लागून तीन आठवडे होतात तोच, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. तिच्यावर तेरा मृत्यूंचा ठपका होता. गेलेले लोक शेतात-रानात राबणारे होते, त्यांच्या गावांची भीती खरी होती. पण त्या गावांपासून शेकडो मैलांवर बसलेल्यांसाठी ‘नरभक्षक’ हा शब्द म्हणजे घरबसल्या मिळालेला भयपटच होता. वाघीण राक्षस ठरो की शिकारी, बघणाऱ्याची खुर्ची हलली नाही.

ती हलवली नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने, या दोन्ही सिनेमांच्या आधी, २०१३ मध्ये. त्याला कुणी भयपट म्हणत नाही. कोवळ्या प्रेमाची गोष्ट, जातीचं दाहक वास्तव, अशा खणांत तो ठेवला जातो. खरं तर मराठीत भयाची दिशाच त्याने बदलली. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. गावाला नकोशी झालेली डुकरं पकडायचं काम शाळकरी जब्याच्या घरावर येतं, आणि अख्खं कुटुंब काटेरी रानातून डुकरामागे धावत असताना गाव बसून बघतं, हसतं, नावं ठेवतं. भयपटात पोरगं भुतापासून लपतं. जब्या डुकराला घाबरत नाही. तो लपतो ते त्याला आवडणारी शालू बघेल म्हणून. या सबंध पाठलागात भीती आहे ती डोळ्यांची. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा धावणारे सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. मग मेलेलं डुक्कर काठीला उलटं टांगून ते आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं रंगवलेल्या भिंतीसमोरून जातात. चित्रं जागच्या जागी, डुक्कर झोके खात पुढे.

शेवटी जब्या गोटा फेकतो आणि पडदा काळा होतो. या गोट्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं: उद्रेक, विद्रोह, पेटलेलं पोर. ते वाचताना वाटतं, लिहिणाऱ्यांनी गोटा कुठे चालला होता ते पाहिलंच नाही. तो कॅमेऱ्याकडे येतो. ती जागा थेटरात बसलेल्या प्रत्येकाची आहे. बघ्यांच्या रांगेत बसून त्यानेही तो सगळा पाठलाग पाहिलेला असतो. सिनेमाच्या सुरुवातीला हाच जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे असतो. तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, अशी त्याची समजूत. पहिला नेम पाखरावर, शेवटचा बघ्यांवर. नेम बदलतो तो या दोन गोट्यांच्या मधल्या वेळात, आणि जब्या मोठा होतो तोही तेवढ्यातच. त्याच्यातलं जनावर जागं झालं असं म्हणणं म्हणजे त्याला पुन्हा डुकराच्या रांगेत बसवणं, आणि वर डुकरावरही अन्याय करणं.

बघ्यांची ही रांग सिनेमापुरती नाही. सौसरजवळ जामसावलीला झोपलेल्या हनुमानापुढे ‘बाधा’ झालेल्यांना आणतात. तिथेही घुमणारी बाई चित्रात येते. तिचा आजार, तिला झालेला उशीर, तिला घेऊन आलेला भाऊ, यातलं काहीच येत नाही.

गोटमारीचे कॅमेरे असेच कायम नदीच्या पात्राकडे रोखलेले असतात. घरांच्या गच्च्या, पुलाचे कठडे, पोरांना खांद्यावर घेऊन आलेले बाप, रुग्णवाहिकेला वाट देताना मागे सरून पुन्हा पुढे येणारी गर्दी, यांच्याकडे ते वळत नाहीत. त्यांच्यावर भुताचं संगीत कुणी लावत नाही. तान्ह्या पोळ्याची पोरं चाकांचा लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा मागतात तो दिवसही हाच. काही वर्षांनी तीच पोरं या काठावर उभी असतात. कुणाच्या हातात गोटा, बाकी बहुतेकांच्या हातात मोबाइल.