जगवणाऱ्याची जबाबदारी



एखादा माणूस गंभीर भाजतो, कित्येक महिने इस्पितळात काढतो आणि एक दिवस घरी येतो. ‘देवाची कृपा, वाचला!’ असे म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण उपचार चालू असताना त्यानेच ‘मला मरू द्या’ अशी विनवणी केली असेल तर? त्याला इच्छेविरुद्ध जगवणे योग्य ठरते का?

अमेरिकेत हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. जुलै १९७३ मध्ये टेक्सास राज्यात डोनाल्ड कॉवर्ट हा तरुण वडिलांबरोबर जमीन पाहायला गेला होता. तेथे गॅसवाहिनीतून गळती झाली होती. मोटार सुरू करताना स्फोट झाला. वडील दगावले. डोनाल्डचे सुमारे दोन तृतीयांश शरीर भाजले, दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली, हातांची बोटे निकामी झाली. जखमा धुण्यासाठी त्याला पाण्याच्या टाकीत उतरवीत, तेव्हा असह्य वेदना होत. उपचार थांबवा, असे तो पुनःपुन्हा सांगत असे. मानसोपचारतज्ज्ञाने त्याला तपासले आणि तो विचारपूर्वक निर्णय घेऊ शकतो, असे सांगितले. तरीही आईच्या संमतीने उपचार चालूच राहिले.

तो वाचला. पुढची काही वर्षे फार कठीण गेली, त्याने आत्महत्येचेही प्रयत्न केले. मग त्याने डॅक्स हे नाव घेतले, १९८६ मध्ये कायद्याची पदवी मिळवली, वकिली केली, संसार केला. २०१९ मध्ये त्याचे निधन झाले. आपले जीवन आनंदाचे आहे, असे तो सांगत असे. मात्र त्या वेळी माझे ऐकायला हवे होते, हे मत त्याने अखेरपर्यंत सोडले नाही.

आपण चटकन म्हणतो, ‘शेवट गोड झाला ना? मग डॉक्टरांचेच बरोबर!’ पण शेवट कडू झाला असता तर तेच डॉक्टर चुकीचे ठरले असते काय? उपचार करताना तर शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. दुसरीकडे, त्याचा शब्द मानून त्याला मरू दिले असते, तर पुढची पंचेचाळीस वर्षे त्याच्या वाट्याला आली नसती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

डॅक्सला मरण का हवे होते? एक कारण वेदना, दुसरे कारण पुढे येणाऱ्या परावलंबी आयुष्याची भीती. दोन्ही कारणांवर इतरांना काही करता येण्याजोगे होते. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच सांगितले होते की, वेदना शमवण्यासाठी औषध देणे योग्य आहे, त्यामुळे आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरीही. त्याच वर्षी त्यांनी हेही स्पष्ट केले की, जीव राखण्यासाठी नेहमीचे उपाय घेणे हे कर्तव्य आहे; असह्य बोजा होणारे उपाय घेण्याची सक्ती नाही. म्हणजे रुग्णाचे म्हणणे ऐकणे हा श्रद्धेला विरोध नव्हे.

म्हणून ‘तू जग’ असे ज्याने म्हटले, त्याच्यावर मोठे ऋण चढते. भाजलेली कातडी आकसते, सांधे आखडतात. व्रण दबावेत म्हणून घट्ट कपडे महिनोन्महिने, जवळजवळ दिवसभर, अंगावर ठेवावे लागतात. खाज झोप लागू देत नाही. खोलवर भाजलेल्या जागी घाम येत नाही, त्यामुळे आपल्याकडचा उन्हाळा नकोसा होतो. शिवाय लोकांच्या नजरा असतातच. इस्पितळाचे बिल भरून हे ऋण फिटत नाही.

आपल्या धर्मग्रामात अशी व्यक्ती असेल, तर तिच्याकडे टक लावून पाहू नये आणि नजरही चुकवू नये. नाव घेऊन हाक मारावी. व्यायामासाठी इस्पितळात जायला सोबत करावी, कामधंदा मिळवून द्यावा. लग्नकार्यात तिला मागच्या खोलीत बसवू नये. आणि ती ‘आता सहन होत नाही’ म्हणाली, तर उपदेश करण्याआधी तिचे सगळे ऐकून घ्यावे.