आमचं गणित कच्चं हो!

आठशे ग्रॅम बटाटे वीस रुपये किलोने, एक किलो चारशे ग्रॅम कांदे पंधरा रुपये किलोने. हातात दोनशेची नोट. परत किती? हा प्रश्न ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या एका अभ्यासातला. अभ्यास फेब्रुवारी २०२५चा, पण आमच्या सोसायटीच्या मराठी गटावर तो या आठवड्यात पोचला. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत विक्री करणारी १,४३६ मुलं, शेजारच्या शाळांतली ४७१. बाजारातली पोरं असले हिशेब तोंडी करतात. तीन अंकी संख्येला एक अंकीने कागदावर भागा म्हटलं की अडखळतात. शाळेतल्यांचं नेमकं उलट. (१६३ परत. पावकी-निमकी घोकलेल्यांना एव्हाना आलं असेल.)

गटावर बदाम पडले, ‘किती हुशार पोरं!’ झालं आणि मग ते ठरलेलं वाक्य आलं: ‘आमचं गणित बाई लहानपणापासून कच्चं.’

कच्चं? जुन्या करप्रणालीत किती वाचतात आणि नव्यात किती, हे यांना मार्चमध्ये झोपेतून उठवून विचारा. कॅशबॅकची मुदत, गुरुग्रामच्या फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव, हॉटेलच्या बिलात कुणी सूप घेतलं नव्हतं, सगळं मुखोद्गत. हे कच्चेपण उगवतं ते ठरावीक जागी. मुलगी अपूर्णांक विचारायला आली की. कामवालीचे खाडे मोजताना. भाजीवाल्या पोरानं चुकून दहा रुपये जास्त परत दिले की. कमी दिले तर मात्र हेच गणित तिथल्या तिथे पिकतं.

‘वेळ नाही’ आणि ‘फोन आहे ना’ हे उरलेले दोन बहाणे. सोडून देऊ.

मुलानं शाळा सोडून गाड्यावर बसावं, असं कुणी म्हणत नाही. त्या अभ्यासातली बरीच पोरं शाळेचं तोंड पाहिलेलीच होती. शाळेनं त्यांच्या तोंडी हिशेबाला गणित मानलं नाही, एवढंच. आणि आपण आपल्या लेकरांना कोडी सोडवायच्या क्लासला पैसे भरून बसवतो, पण मंगळवारच्या बाजारात वांग्यांचा हिशेब करू देत नाही. मागे रांग असते म्हणे.

रोख पैसे घरात असतातच कुठे, म्हणाल. बरं, यूपीआयनं द्या. पण तोंडी बेरीज करून आकडा आपल्या पोराला टाकू द्या. चुकला तर दहा-वीस रुपये भाजीवाल्याला जास्त जातील. क्लासच्या फीपेक्षा स्वस्त पडेल.