बंद गाडीतील गळती



कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची. तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तरी हौसेने जपलेल्या पद्मिनी अजूनही कुठे कुठे अंगणात उभ्या दिसतात. अशा जुन्या गाड्यांचे एक नेहमीचे दुखणे असते. रविवारी गाडी छान फिरते आणि गुरुवारी चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येतो. बॅटरी उतरलेली! मालक ती चार्ज करून आणतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग नवी बॅटरी घेतो; तीही उतरते. दोष बॅटरीत नसतोच. गाडी बंद असताना आत काहीतरी गुपचूप वीज खात असते.

हे खाणारे फार मोठे नसते. समजा, डिकीत कोणी मागाहून ५ वॉटचा दिवा बसवला. झाकण लावल्यावर तो विझायला हवा; पण स्विच अडकला तर आतल्या आत जळत राहतो. १२ व्होल्टवर तो सुमारे ०.४ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. ४० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी तो १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत, रिकामी करतो. हेडलाइट चालू राहिला तर शेजारीही हाक मारून सांगतो. डिकीतला दिवा कोणालाच दिसत नाही.

जाणकार वायरमन अंदाजाने वायरी तोडत नाही. तो चावी काढतो, दारे लावतो, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये मीटर जोडतो. इलेक्ट्रॉनिक सामान नसलेल्या जुन्या गाडीत काटा जवळजवळ शून्यावर हवा. नसेल तर तो एकेक फ्यूज काढून पाहतो. जो फ्यूज काढताच काटा खाली येतो, त्या वाटेवर चोर असतो. सगळे फ्यूज काढूनही काटा ढळला नाही, तर तो डायनामोच्या कटआऊटकडे वळतो. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरी भरणारा डायनामोच ती रिकामी करू लागतो.

‘फादर, दर रविवारी मिस्साला येतो, पण बुधवार उजाडला की मन कोरडे,’ असे आम्ही पुष्कळदा ऐकतो. अशा वेळी आपण आणखी एक नोव्हेना, आणखी एक यात्रा शोधतो. नवी बॅटरीच ती! गळती मात्र तशीच राहते. बांधावरून भावाशी धरलेला अबोला, पगारावरून मित्राचा वाटणारा हेवा, घरी लपवलेले कर्ज: हे दिवे रात्री आपण झोपलो तरी जळत असतात. कधी कधी देवळातील सेवाच मानापमानाला चिकटते आणि जिथून बळ मिळायचे, तिथेच ते संपते.

संत इग्नेशियस लोयोला यांनी १५४८ साली छापल्या गेलेल्या आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात यावर एक साधी रीत दिली आहे. सगळे दोष एकदम धरायचे नाहीत. एकच दोष घ्यायचा, दिवसातून ठरलेल्या वेळी तपासायचा, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके कागदावर मांडायचे आणि आजची ओळ कालच्या ओळीशी ताडून पाहायची. एका वेळी एकच फ्यूज!

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करून जी माउली थकते, तिने स्वतःत दोष शोधू नये. तो चालत्या गाडीचा दिवा आहे. त्याने वाट उजळते. तिला आपल्या मदतीची गरज आहे. शोध घ्यायचा तो कोणालाच उजेड न देणाऱ्या दिव्याचा.

दान वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभू येशूने सांगितले आहे. म्हणून या आठवड्यात आपण रोज रात्री टीव्ही व मोबाइल बंद करून दहा मिनिटे शांत बसू या आणि मनातला एकच कोपरा उघडून पाहू या. दिवा सापडला, तर पापनिवेदनाला यावे. आणि तो अबोल्याचा असेल, तर भावाच्या दारी जायला पुढच्या रविवारची वाट पाहू नये.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू